न लागणारा बल्ब

“उडेल शे हाऊ बल्ब! तुले येडी बनाडं त्या दुकानवालानी!”

“नाना, उडालेला नाहीये तो. तो असाच असतो.”

“आसाच ऱ्हास? बल्ब शे का दगड शे? चाळीस वरीस व्हयनात माले करंटमा काम करतांना, आन् तू माले शिकाडस?”

“शिकवत नाहीये हो. हात लावू नका, एवढंच म्हणतेय.”

“काय व्हस हात लाईसन?”

आणि नानांनी हात लावला.

मित्रांनो, तो दगड म्हणजे मी. नानांच्या तळहातावर रुपयाएवढा फोड आला. ते ओरडले, त्यांची नात मयुरी धावत जाऊन पाणी घेऊन आली, आणि मी आपला काळाकुट्ट, गप्प, लटकत राहिलो. चाळीस वर्षं मोटर वाइंडिंग केलेला माणूस. तार कशी तपासायची, मोटर कशी चाचपायची, सगळं त्यांना पाठ. तरी सरळ तळहात लावला, कारण त्यांच्या मते मी मेलेला होतो. मेलेल्याला कोण घाबरतं?

मी एक जुना बल्ब आहे, पण न लागणारा. मला काच नाही. आतली तार कुणाला दिसत नाही. मातीच्या गोळ्यात तार गुंडाळून मला भट्टीत भाजलं, वरून काळा रंग चढवला. कारखाना कुठला ते विचारू नका, खोक्यावरची अक्षरं मलाच वाचता येत नाहीत. बटण दाबलं की मी तापतो, पण उजेड देत नाही. एवढंच माझं काम आणि हेच माझं भांडण. लोकांना उजेड दिसला नाही की ते म्हणतात, गेला.

आधी मी जळगावला होतो, मासे आणि पोपट विकणाऱ्या एका दुकानात. दोनदा मला गिऱ्हाईकानं नेलं आणि दोनदा परत आणून आपटलं. “लागत नाही.” अरे, पण हात जवळ नेऊन बघितला का? नाही. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं का? नाही. दुकानदारानंही मग मला फाटक्या खोक्यात वरच्या फळीवर टाकलं, मेलेल्या पंपांच्या आणि तुटक्या पिंजऱ्यांच्या शेजारी. मला तेव्हा असला राग यायचा! पण वायर जोडलेली नसली की रागानंही तापता येत नाही.

एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, पुढं लागेल. मला ऊब दिसते. तुम्हाला अंधारात काही दिसत नसतं, तेव्हा मला सगळं दिसत असतं. माणूस खोलीत आला की त्याचं कपाळ, गाल, मुठी मला कळतात. मांजर नुकतंच उठून गेलेली जागा कळते. भिंतीपलीकडं कुकर लागलाय, तेही कळतं. ऊब असेल ते सगळं मला दिसतं.

आणि ऊब अजिबात नसेल, तर तेही.

मयुरीनं मला उचललं तेव्हा दुकानदार म्हणाला, “ताई, हा परत घेणार नाही हं.” ती म्हणाली, “आणणारच नाही.” धुळ्याला कॉलेजात शिकणारी पोरगी. एसटीत मांडीवर दोन खोकी. एकात मी, दुसऱ्यात केळी.

केळी म्हणजे पाल. ओरडू नका. ठिपक्यांची पाल, लेपर्ड गेको म्हणतात तिला. माणसाच्या घरातच अंड्यातून निघालेली, रानातून पकडलेली नाही. नाव नानांनी ठेवलं. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. “ही ते रावेरनी पिकेल केळी शे,” ते म्हणाले, आणि तेच नाव पडलं. शेपटी तर खरंच वेलची केळ्यासारखी, जाड आणि बुटकी. ती भिंतीवर चढत नाही, तिच्या पायाला तसली चिकटपट्टीच नाही. तिला पापण्या आहेत. झोपताना ती डोळे मिटते, माणसासारखी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवलभाऊ, म्हणजे मयुरीचे पप्पा, दोन पावलं मागं सरले.

“विषारी आहे ती. सातपुड्यात असली दिसली की ठेचतात लोक.”

“पप्पा, कुठलीच पाल विषारी नसते.”

“तुला कॉलेजात हेच शिकवतात का?”

त्यांचं घर पांझरा नदीच्या अंगाला. पुढं वाइंडिंगचं दुकान, मागं दोन खोल्या. मागच्या खोलीत नाना झोपायचे. हाताला फोड आल्यावर नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे माझ्याकडं बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, बुडाला भोक पाडलं, त्यात होल्डर बसवला आणि मला उलटं टांगलं. खाली जाळी, जाळीखाली लाकडी पेटी, पुढं सरकती काच. पेटी जमिनीवर, चार विटांवर. माझ्या बरोबर खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे ऊब फरशीत मुरेल आणि केळीला पोटाखाली मिळेल. पेटीची दुसरी बाजू गारच ठेवली, तिथं पाण्याची वाटी आणि एक फुटकं कौल. तिला जेव्हा जसं हवं तसं तिनं सरकावं. अंडी उबवायच्या यंत्रातला थर्मोस्टॅट काढून त्यांनी मला जोडला. फरशी गार पडली की तो ‘टक’ करतो, मी कामाला लागतो. पुरेसं झालं की पुन्हा टक, मी थांबतो. थर्मोस्टॅटला दिवा नाही, भिंतीवरच्या बटणालाही नाही. जुनं काळं बटण, वर का खाली ते फक्त घरच्यांना माहीत.

का एवढा खटाटोप? कारण ती स्वतः गरम होऊ शकत नाही. तुम्ही जेवता आणि अंग आपोआप गरम राहतं. तिचं तसं नाही. पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेला किडा जिरत नाही, आत सडतो. बाहेरून काही दिसत नाही. ती नुसती पडून राहते आणि मग एक दिवस उठत नाही.

उजेड तिला दिवसा बारा तास पुरतो, त्यासाठी मयुरीनं छोटी एलईडी पट्टी लावली होती. एकदा नानांना केळीची दया आली. पोरीला अंधारात भ्या वाटत असेल म्हणून त्यांनी लाल झिरोचा बल्ब लावला. केळी तीन दिवस कौलाखालून बाहेर आली नाही. मयुरीनं तो काढून टाकला. तिला अंधार पाहिजे असतो, मित्रांनो, पण उबदार अंधार. आणि हे दोन्ही एकदम फक्त मीच देतो. झिरोवाल्यानं उगाच माझ्यासमोर चमकू नये.

उन्हाळ्यात चव्वेचाळीसला पारा गेला की मला सुट्टी. तेव्हा नाना पेटीवर ओलं पोतं टाकायचे आणि दर तासाला त्यावर पाणी शिंपडायचे. “इले ऊन लागी जाई,” म्हणायचे. स्वतः मात्र बनियनवर घामाघूम.

दिवाळीनंतर पुन्हा माझं राज्य. रोज दिवेलागणीला नाना पाटावर बसायचे, पेटीची काच सरकवायचे आणि माझ्याखाली उजवा हात धरायचे. तळहात नाही, हाताची पाठ. फोडानंतर शहाणे झाले होते. मयुरीला सांगायचे, “तळहात कधीच नको लावू. करंट ऱ्हायना ते मूठ आवळी जास, हात सुटत नही. पाठ लावी ते हात आपोआप झटकी जास.” हात धरून ते वीसपर्यंत मोजायचे, मोठ्यानं. वीस होईपर्यंत हात सुखात राहिला तर ऊब बरोबर. आधीच चटका बसला तर थर्मोस्टॅट कमी. त्यांना थर्मामीटर आणून दिला होता. तो त्यांनी खिळ्याला लटकवून ठेवला होता.

त्या हाताला करंगळी नव्हती. फार पूर्वी एका पंख्यानं खाल्ली होती. म्हणून तो हात मी कुठंही ओळखेन. चार बोटं, आणि पाचव्या जागी गुळगुळीत टोक, बाकी हातापेक्षा थोडं गार.

माझी अशी कुणी रोज विचारपूस केली नव्हती. कौतुक म्हणाल तर एवढंच. वीस झाले की ते म्हणायचे, “शाब्बास, दगड.”

मग पौष आला. धुळ्यातली थंडी तुम्हाला माहीत असेल, पारा सहावर. तिन्हीसांजेची वेळ. मयुरी क्लासला, नवलभाऊ पुढं दुकानात. नाना पाटावर बसले. हात खाली धरला. एक, दोन, तीन. आवाज जरा ओढल्यासारखा. पंधरा. सोळा. सतरा.

अठरा म्हणाले नाहीत.

हात तसाच होता. मग घसरला, आणि नाना भिंतीला टेकून बसले, डोळे उघडे. मला वाटलं दम खातायत. पण मला ऊब दिसते, सांगितलं ना. आधी बोटांची टोकं विझली. मग नाक. मग कान. संध्याकाळी गल्लीतले दिवे लागत जातात ना एकेक, तसंच, पण उलटं. मी तापत होतो. मला दुसरं काही येत नाही. त्यांच्या कपाळापर्यंत पोचेल तेवढी ऊब मी फेकत होतो, आणि कपाळ गार होत होतं. केळी फरशीवरून मान वर करून त्यांच्याकडंच बघत होती.

मयुरी आली आणि किंचाळली. पुढचं मी सांगत नाही. फक्त सतरा लक्षात ठेवा. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथं मी होतो आणि केळी होती, बस.

नानांची मोठी बहीण यशोदाबाई अमळनेरहून आली. सगळे तिला अक्का म्हणतात. तिनं आल्याआल्या घर ताब्यात घेतलं. नाना गेले त्याच जागी, पाटाशेजारी, तेलाचा दिवा लावला. दहा दिवस तो विझायचा नाही. खोलीत अक्काच झोपणार, दिव्यात तेल अक्काच घालणार. मला दिवा समोरच दिसायचा. छोटी ज्योत, उजेड भरपूर, ऊब वाटीभर. आम्ही एकमेकांकडं बघत बसायचो. त्याला सगळे नमस्कार करायचे. मला कोण करणार?

सहाव्या दिवशी मयुरीची पाळी आली. अक्कानं तिला दिव्याच्या खोलीत यायचं बंद केलं. चार दिवस उंबऱ्याच्या बाहेर. मला विचाराल तर हा शुद्ध मूर्खपणा होता, पण मला विचारतं कोण? मयुरी दारातूनच म्हणायची, “अक्का, पेटीचा बल्ब चालू राहू दे हं. विसरू नको.”

“नही विसरत. जाय तू.”

आणि अक्का विसरली नाही, मित्रांनो. तिथंच तर घोळ झाला. सातव्या दिवशी दिवेलागणीला तिला आठवण झाली. ती आली, वाकली, पातेल्यात डोकावली. मी चालूच होतो. पण तिला काय दिसलं? काळा, विझलेला बल्ब. पोरीनं सांगितलंय चालू ठेव, आणि हा तर बंद! तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. बंद झालो. मी लागलो नाही. तिनं पुन्हा दाबलं. चालू झालो. तरी लागलो नाही. खट, खट, खट, खट. दर खेपेला माझ्याकडं बघायची. सातव्यांदा खट केलं आणि कंटाळली.

“उडेल शे हाऊ,” ती म्हणाली.

तेच शब्द. फक्त तिनं हात लावून बघितला नाही. सात वेळा. तुम्हीच मोजा मी कसा राहिलो.

वर तिनं आणखी माया केली. आपला भाऊ या जनावराला जपायचा म्हणून तिनं काच सरकवली, कळण्याच्या भाकरीचा तुकडा आत ठेवला, आणि काच लावताना दोन बोटांची फट राहिली. केळी भाकरी खात नाही. ती तुकड्याकडं बघत बसली आणि मी गार पडत गेलो.

गार पडणं काय असतं ते मी फळीवरून उतरल्यापासून विसरलो होतो. आधी कडा. मग पोट. मग आतली तार. फरशी थंड झाली, केळी अंगाचं वेटोळं करून तिच्यावरच चिकटून राहिली, ऊब परत येईल म्हणून. तिचं अंग मला फिकट दिसायला लागलं. आठव्या दिवशी तर फरशी कुठं संपते आणि केळी कुठं सुरू होते, तेच कळेना.

त्याच दिवशी दिवेलागणीला ते पहिल्यांदा आलं.

अक्का तेलाची बाटली आणायला बाहेर गेली होती. खोलीत दिव्याशिवाय काही नव्हतं. आणि माझ्या खाली काहीतरी आलं. मी गार, फरशी गार, हवा गार. ते त्याहून गार. म्हणून तर मला त्याची कड दिसली. पालथी कड, बोटांची. एक, दोन, तीन, चार. पाचव्या जागी काही नाही.

ते थांबलं. मोजत नव्हतं. मग भिंतीकडं गेलं, बटणापाशी. बटणावर बराच वेळ राहिलं. बटण हललं नाही. मला वाटतं त्यांना ते दाबता येत नसावं. मी भ्यालो का? भ्यालो. पण त्याहून जास्त मला रडू येत होतं, आणि बल्बला रडता येत नाही.

अक्का आत आली आणि दारातच थबकली. “कोन शे?” म्हणाली. तिनं पदर घट्ट घेतला, तेल घातलं आणि त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून झोपली.

नवव्या दिवशी संध्याकाळी अक्कानं दिव्याभोवती गव्हाचं पीठ पसरलं, चाळणीनं चाळून, एकसारखं. वर बांबूची टोपली उपडी घातली, दिव्याला हवा मिळावी म्हणून एका बाजूनं विटेवर टेकवली. गेलेला माणूस त्या पिठावर पाऊल ठेवून जातो, ते पाऊल सकाळी बघायचं, असं ती मानते. मग खोलीत कुणी थांबायचं नसतं. तिनं बाहेरून कडी लावली.

टोपलीच्या फटींतून उजेडाच्या रेघा भिंतीवर पडल्या होत्या. सगळी खोली पिंजऱ्यासारखी दिसत होती. ते आलं. माझ्याकडं आलंच नाही, सरळ उघड्या काचेपाशी गेलं आणि थांबलं. दोन दिवस न हललेल्या केळीनं डोळे उघडले. मान वर केली. मग एक पाय उचलला, मधेच विसरल्यासारखी थांबली, आणि दुसरा उचलला. ते मागं सरकलं तशी ती पुढं सरकली. काचेच्या फटीतून बाहेर. विटेवरून खाली. फरशीवरून टोपलीकडं. शेपटी ओढत, इंचाइंचानं. ते पुढं, ती मागं. शेवटी ती टोपलीखाली शिरली, आणि भिंतीवरच्या रेघा एकदा हलल्या.

मी हे सगळं लटकून बघितलं. खोटं सांगत नाही. खोटं सांगून मला काय मिळणार?

सकाळी दहावा. बाहेर रिक्षा उभी, नदीवर न्हावी आणि भटजी ताटकळलेले. अक्का, नवलभाऊ आत आले. मयुरी अंघोळ करून उंबऱ्यावर, आता तिला आत यायची परवानगी होती. अक्कानं टोपली उचलली.

पिठावर पावलं होती. चिमुकली, पाच पाच बोटांची. मधून एक वाकडी रेघ. आणि दिव्याच्या बुडाला टेकून केळी, डोळे मिटलेली, पीठ लागून पांढरी झालेली.

नवलभाऊंनी चप्पल उचलली. “ही बाहेर कशी आली? व्हय बाजूले, अक्का!”

“नवल!” अक्का मधे उभी राहिली. “टाक ती चप्पल. तुना बाप शे.”

“अगं, ती मयुरीची पाल आहे.”

“माले माहीत शे कोनी पाल शे. ती केळी शे. पन तिन्हा पायवर चालत कोन उनं?”

नवलभाऊंची चप्पल हातातच राहिली. मयुरी धावली, केळीला ओंजळीत घेतलं आणि तिचा चेहराच बदलला. “बर्फ झालीय ही. अक्का, बल्ब कुणी बंद केला?”

“बंद? मी ते चालू करा! सात डाव खटखट करं. लागनाच नही. उडेल शे तो.”

मयुरी केळीला छातीशी धरून भिंतीकडं वळली. मग बटण दाबलं. टक.

मित्रांनो, मी आयुष्यात एवढी घाई कधी केली नाही. पण मी मातीचा. मला वेळ लागतो.

“दे ती आठे,” अक्का म्हणाली. “नदीवर ली जासू. मोकळी करसू.”

“नदीवर? या थंडीत? ती मरेल गं!”

“आन् पेटीमा कोंडू का मी मन्हा भाऊले? जनमभर त्या दुकानमा बठना तो. आते तरी सुटू दे.”

“ती सुटणार नाही, अक्का. काठावर ठेवलीस की तिथंच मरेल. तिच्यात ऊब बनतच नाही. नाना तिला रोज ऊब द्यायचे.”

“काय दी ऊब? त्या उडेल बल्बनी?”

बाहेरून रिक्षावाला हॉर्न मारत होता. नवलभाऊ म्हणाले, “मयुरी, दे तिला. अक्काचं मन राहू दे. पाल दुसरी आणू.”

“दुसरी आणू? नानांच्या हातचं खाणारी दुसरी कुठून आणणार?” मयुरी रडत होती आणि तरी ओंजळ माझ्याखाली धरून बसली होती. “अक्का, एकदा हात लाव याच्याखाली. एकदाच. मग तू म्हणशील तसं.”

“उजेड नही त्याले.”

“उजेड नको बघूस. हात लाव. तळहात नको, पाठ लाव. नाना लावायचे तशी.”

अक्का पाटावर बसली. गुडघे कटकट वाजले. तिनं हात पालथा केला आणि माझ्याखाली धरला. सुरकुतलेला, पाची बोटांचा हात. मी नुकताच तापायला लागलो होतो. जे होतं ते सगळं दिलं.

आधी काहीच नाही. मग तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. तिला कळलं. काळ्या मेलेल्या दगडातून कुणीतरी तिच्या हातावर फुंकर घालावी, तसं. तिचे डोळे भरले. आणि मला दिसलं, तिच्या हाताला लागून आणखी एक हात होता. गार, चार बोटांचा.

अक्काचे ओठ हलले.

“अठरा,” ती म्हणाली. “एकोनीस. ईस.”

तो गार हात मागं झाला. मी शोधलं, पण मग तो दिसला नाही.

मयुरी हळूच म्हणाली, “अक्का, अठरापासून का मोजलंस?”

“माले काय माहीत पोरी. तोंडमा उनं.” तिनं हात काढला आणि लुगड्याला पुसला, जसे नाना पुसायचे. मग मयुरीच्या ओंजळीतल्या केळीकडं वाकून बघितलं. केळीनं एक डोळा उघडला होता. अर्धाच.

“ठेव तिले आत,” अक्का म्हणाली. “तो सुटाले नही येल. आठेच ऱ्हावाले येल शे.” आणि काच तिनं स्वतः लावली. फट राहिली नाही ना, ते दोनदा चाचपलं.

नदीवरून आल्यावर नवलभाऊ सांगत होते, पिंड खाली ठेवायच्या आधीच कावळा येऊन बसला होता. केळीनं मात्र आठ दिवस काही खाल्लं नाही. नवव्या दिवशी एक रातकिडा खाल्ला. मयुरीनं अमळनेरला फोन लावला. पलीकडून अक्का किती मोठ्यानं हसली, ते मला पातेल्यात ऐकू आलं.

आता बटणाशेजारी मयुरीनं कागद चिकटवलाय, ‘वर म्हणजे चालू’. अक्का अजून फोन करते, “लागना का बल्ब?” मयुरी म्हणते, “तापला, अक्का, तापला.” माझ्या कडेला एक चीर गेलीय. फार दिवस राहिले नाहीत माझे. नवीन बल्ब खोक्यात येऊन पडलाय, तोही काळाच.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी मुकं जनावर असेल, ते तुमच्या भरवशावर गरम राहतं. विझल्यासारखं दिसतंय म्हणून सोडून देऊ नका. जवळ जा. हाताची पाठ लावा. वीसपर्यंत मोजा. पुरे वीस. मधे कुठं थांबू नका, कारण जो थांबतो त्याला...

थांबा.

दिवेलागण झालीय. मयुरी कॉलेजातून आली नाहीये. नवलभाऊ पुढं मोटर ठोकतायत. खोलीत कुणी नाही. आणि माझ्याखाली फरशी एकदम गार पडली. चार बोटांएवढीच.

एक, असं कुणीतरी म्हणालं.

टक.

मला बोलावणं आलं. निघतो.